एकुलती किडनी

पौर्णिमाचा सीटी स्कॅन पाहिला आणि मी खुर्चीत बसलो. सव्वीस वर्षांची मोर्शीची सून. संत्र्याच्या तोडीत शिडीवरून घसरली, ती खालच्या प्लास्टिकच्या कॅरेटच्या काठावर आपटली. घरच्यांनी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं, तेव्हा लघवी लाल होती. डाव्या किडनीला चीर गेलेली, आणि उजवीकडे किडनीच नाही. जन्मापासून नाही. डावी गेली की आयुष्यभर डायलिसिस.

पोट उघडलं तर किडनी काढायचीच पाळी येण्याची भीती होती. म्हणून आत बारीक नळी घातली, लघवीची पिशवी लावली आणि पडून राहा म्हटलं. "डॉक्टर तं काहीच नाही करून राहिले," असं बाहेर कुणीतरी बोललंच. सत्तावीस वर्षं हेच ऐकतोय. कंटाळा आलाय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या आईनं, अकोल्याच्या वच्छलाबाईंनी, मला जिन्यात गाठलं. "साहेब, एकच किडनी हाय हे सासरी सांगू नका. आठवीत होती तवा सोनोग्राफीत निघालं. सोयरीक मोडली असती."

"पौर्णिमाला तरी माहीत आहे का?"

"नाही. भेली असती पोरगी."

माझं डोकंच फिरलं. तडक वॉर्डात गेलो, सासूला, गंगूबाईंना, बाहेर बसवलं आणि पौर्णिमाला सगळं सांगितलं. तिनं दाराकडे बोट केलं.

"आत्याबाईले बोलवा. मीच सांगतो त्यायले."

तिच्या आत्याबाई, म्हणजे सासू गंगूबाई, आल्या. वच्छलाबाईही मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या. पौर्णिमाचं बोलणं अर्ध्यातच तोडत गंगूबाई म्हणाल्या, "माहीत हाय मले. तुह्या बाळंतपणाच्या सोनोग्राफीतच निघालं होतं, डॉक्टरनं मलेच सांगतलं. तुह्या मायले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

"मंग शिडीवर काहून चढू देल्लं?"

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. "नोको चढू म्हणलं असतं, तं कारण सांगा लागलं असतं न."

मला दोघींचा संताप आला आणि दोघींची कीवही आली. मी खाली वाकून पिशवी पाहिली आणि सवयीनं गंगूबाईंकडे वळलो. "लघवी कालच्यापेक्षा फिकट आहे."

पौर्णिमानं माझी बाही धरली. "साहेब, इकडे पाहून सांगा. मले सांगा."