बायका सांगतील त्यातून दोन

सिस्टरने पेनाचं टोपण काढलं आणि ठरलेला प्रश्न विचारला.

“शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे अगदी असह्य. पाळीच्या दिवसांत किती दुखतं?”

समोर शिवणकाम करणारी एक बाई बसली होती. आज तिच्या पाळीचा दुसरा दिवस. खुर्चीचा हात तिने इतका आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. खालचा ओठ चावून चावून फुटला होता.

“सहा लिहा,” ती म्हणाली.

सिस्टरने सहा लिहिले. शेजारी ‘अंतिम’ असा रकाना होता, तिथे ती चार लिहायला गेली. पाळीच्या दुखण्यावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि जिचं दुखणं पाच किंवा त्याच्या वर, तिलाच गोळी मिळायची. मोठ्या डॉक्टरांचा दंडक असा, की बाई सांगेल त्यातून दोन वजा करायचे. बायका वाढवून सांगतात म्हणे! आठ महिने सिस्टर मुकाट्याने ही वजाबाकी करत होती. पहिल्या दिवशी सांगितलं, हाताला सवय लागली, संपलं.

“ताई, सहाच? नक्की?” तो फुटलेला ओठ बघून आज सिस्टरने विचारलं.

बाई कसंनुसं हसली. “आधी नऊ सांगायचे हो. मग सगळे म्हणायचे, नाटकं करते. घरात म्हणाले, दवाखान्यातही म्हणाले. सहा म्हटलं की निदान ऐकून तरी घेतात.”

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्म उचलून ती तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली. दारावर टकटक करायचंही राहून गेलं.

“सर, या बाई दोन काय, तीन वजा करूनच आल्यात. मी आता आणखी कशातून वजा करू?”

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. “सिस्टर, नियम सगळ्यांना सारखा.”

“कुठे लिहिलाय हा नियम? छापील पुस्तिकेत तर बाई सांगेल तो आकडा लिहा, एवढंच आहे.”

“लिहायचं काय त्यात? तीस वर्षांचा अनुभव आहे माझा.”

“मागच्या महिन्यात तुम्हाला मूतखड्याचा त्रास झाला. इंजेक्शन मीच दिलं. किती दुखतंय विचारलं तर तुम्ही दहा म्हणालात. मी दहाच लिहिले.”

“अहो, ते खरंच दुखत होतं!”

डॉक्टर अगदी मनापासून बोलले. आपण काय बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सिस्टर दाराकडे वळली. या माणसाशी आणखी काय डोकं फोडायचं?

ती परत आली. ‘अंतिम’ रकान्यात तिने ठळक सहा लिहिले, खाली सही ठोकली आणि बाईच्या हातात गोळ्यांचं पाकीट ठेवलं. बाईने ते दोन्ही हातांनी धरलं. तिला गरम पाण्याची पिशवी देऊन सिस्टरने आतल्या पलंगावर आडवं केलं.

मग तिने कपाटातून परत पाठवलेल्यांचा गठ्ठा काढला. एकेचाळीस फॉर्म. सहातून दोन, चार. पाचातून दोन, तीन. सगळं अक्षर तिचंच. डॉक्टरांनी एकही ओळ लिहिलेली नव्हती. सांगितलं त्यांनी, पण हात तर माझाच होता ना, या विचाराने तिला स्वतःचीच चीड आली. तिने पहिला फॉर्म समोर घेतला आणि फोन लावला. वाचनालयात काम करणारी कुणी होती.

“ताई, दवाखान्यातून बोलतेय. तुम्हाला गोळीसाठी नाही म्हटलं होतं, ती चूक झाली. माझ्या हातून झाली. परत येऊन जाल का?”

पलीकडे पुस्तकं बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

“येईन की,” बाईने आवाज खाली आणला. “पण सिस्टर, तेवढं आत्ताच सांगून ठेवा. किती म्हटलं म्हणजे घ्याल?”