साडेपाच फुटांचा बर्थ

दीपमाला रामटेकेनं जुनी गाडी घ्यायची ठरवली ती आईच्या लघवीपायी. हे कारण ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण खरं तेवढंच होतं. अंजनाबाईंना वीस वर्षांपासून शुगर. तासातासाला उठावं लागे. एकदा दीपमालाला घेऊन कांकेरला लग्नाला बसनं निघाल्या, आदल्या दिवसापासून पाणी तोडलं, तरी धमतरीच्या पुढे भरल्या बसमध्ये लुगडं ओलं झालं आणि माणसं हसली. रेल्वेच्या हलत्या डब्यातल्या संडासात उभं राहायची गुडघ्यांत ताकद उरलेली नव्हती. त्या दिवसापासून त्या रायपूरच्या बाहेर गेल्या नाहीत. तापानं फणफणल्या असताना एकदा म्हणाल्या, "समुद्र पाहाचा राहून गेला वं," आणि कूस बदलून झोपल्या.

दीपमाला एकोणचाळीस वर्षांची, समता कॉलनीतल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. लग्न झालेलं नव्हतं. आत झोपायला जागा, स्वैपाकाचा ओटा आणि संडास असलेल्या गाड्या तिनं मोबाइलवर पाहिल्या. नवी कॅम्पर तिच्या पगाराच्या आसपासही येत नव्हती. मग अभनपूरला एका राइस मिलच्या मागं दोन वर्षं उभी असलेली बारा वर्षांची ट्रॅव्हलर मिनीबस सापडली. शाळेच्या पोरांना नेणारी. पिवळा रंग उडालेला, एका खिडकीत पुठ्ठा लावलेला.

गाडी पाहायला ती वडिलांना घेऊन गेली. गुलाबराव छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. लोखंडावर नुसती बोटं फिरवून ते आतला तडा सांगत. आता हात थरथरत. चहाचा कप धरता येत नसे, शर्टाची बटणं अंजनाबाई लावून देत. जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. त्यांनी दीपमालाला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीच्या तळाला मारायला लावला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"ही गाडी नाई, चाळनी हाय," ते म्हणाले. मग मिलवाल्याकडं वळून हिंदीत म्हणाले, "मेरी लडकी खून जाँचती है, भैया. लोहे का इसको क्या मालूम." मिलवाला हसला. दीपमालानं त्याच दिवशी गाडी घेतली.

गाडी डब्ल्यूआरएस कॉलनीजवळच्या, म्हणजे वॅगन कारखान्याच्या वसाहतीजवळच्या, त्यांच्या घरापुढं, लिंबाखाली उभी राहिली. इंजिन, ब्रेक आणि क्लच भनपुरीतल्या मेकॅनिकनं करून दिलं. बाकीचं सारं दीपमालाला करायचं होतं. क्लिनिकमधून आली की ती जुना सलवार-कुर्ता चढवायची आणि गाडीत शिरायची. गुलाबराव प्लास्टिकच्या खुर्चीत समोर बसायचे.

पहिले तीन महिने वाईट गेले. सीटा काढल्या, गंज घासला, सडलेला पत्रा कापला. तिनं काहीही उचललं की गुलाबरावांचा आवाज यायचा, आणि तो पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार घरांना ऐकू जाईल असाच यायचा.

"ग्राइंडर असा धरते का कोनी? लाटनं हाय का ते?"

"वाकडं कापलं. फेक आता."

समोरच्या इंदूबाई एकदा कौतुकानं म्हणाल्या की पोरगी पोराच्या वरताण काम करून राहिली. गुलाबराव म्हणाले, "करन नाई तर काय? मानसानं तर केली नाई, आता गाडीसंगं संसार मांडून राहिली. अन् कशाले, तर माय-लेकी हागाले घर घेऊन फिरनार."

दीपमालानं हातातला पत्रा खाली ठेवला. गाडीत गेली, ग्राइंडर चालू केला आणि कशालाही न लावता तसाच चालू ठेवला. ग्राइंडरच्या आवाजात रडणं बाहेर जात नाही, हे तिला त्या गाडीतच कळलं.

बदल झाला तो छताच्या गळतीपायी. चार वेळा सीलंट लावूनही पाणी कुठून येतं ते सापडेना. पाचव्या दिवशी गुलाबराव खुर्चीतून उठले, गाडीच्या पायरीपाशी आले. "वरून पानी टाकू नको," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "आतमधी सुक्या चुन्याचं बोट फिरव साऱ्या जोडावर. मंग इंदूले सांग वरून एक-एक मग टाकाले. चुना जिथं पहिले काळा पडन, तिथं भोक हाय. पानी दिसते कुठं अन् शिरते कुठं, दोन्ही येगळं असते." अर्ध्या तासात भोक सापडलं. दीपमालानं बाहेर येऊन पाहिलं तर ते तिच्याकडंच पाहत होते. शाबासकी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची पायरीजवळ सरकवून बसले.

मग ते शिकवू लागले. छताला उष्णता अडवणारी शीट कशी चिकटवायची, प्लायवूडच्या खाली हवा खेळती का ठेवायची, दुसऱ्या बॅटरीची तार पत्र्याला घासू नये म्हणून तिला रबर कुठं घालायचं. ड्रिल धरताना ती चुकली की तिच्या हातावर हात ठेवायचे. गंमत म्हणजे दाबून धरलेला त्यांचा हात थरथरत नसे. दीपमालाला आठवत होतं तेवढ्या आयुष्यात बापाचा हात असा तिच्या हातावर आला नव्हता. जेवताना दोघं पंप, नळी, बिजागरी यांवर बोलत बसायचे. अंजनाबाई वाढायच्या.

ज्या दिवशी पाण्याचा पंप पहिल्यांदा लावला, त्या दिवशी नळी जोडातून सुटली आणि सगळी धार गुलाबरावांच्या तोंडावर गेली. दीपमाला गोठली. आता शिव्या येणार म्हणून तिनं खांदे आवळले. गुलाबराव मात्र हसायला लागले. ओल्या मिशांतून, खोकत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तीही हसली. स्वैपाकघराच्या खिडकीत अंजनाबाई पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात गुलाबराव म्हणाले, "डावीकडं एक बर्थ काढ. साडेपाच फूट. उठतानी धराले दांडी लाव."

"तुमी येता, बाबा?"

"नाई तर काय तुमी दोघी जाता? टायर पंक्चर झाला तर कोन सांगन?"

तिनं तो बर्थ साऱ्या गाडीत जीव लावून केला. आईचा मागं, संडासाच्या दारापाशी. बापाचा डावीकडं, पाइप वाकवून केलेल्या स्टीलच्या दांडीसकट. त्याच्या गादीचं रेग्झिन तिनं गोल बाजारात चार दुकानं हिंडून आणलं. आईला दाखवायला नेलं तेव्हा अंजनाबाईंनी आपल्या गादीवर बसून पाहिलं, संडासाचं दार उघडून लावून पाहिलं. डावीकडच्या बर्थवरून त्यांनी नुसता हात फिरवला. "मजबूत केला," म्हणाल्या.

आठ महिन्यांनी, ऑक्टोबरात, निघायचा दिवस आला. ओडिशात गोपालपूरला जायचं होतं, समुद्रापर्यंत. आदल्या संध्याकाळी गुलाबरावांची विधवा बहीण शेवंता अभनपूरहून आली. घर राखायला आईनं बोलावलं असेल, असं दीपमालाला वाटलं.

सकाळी सहाला तिनं गाडी सुरू केली. आत अंजनाबाईंनी नवऱ्याला आंघोळ घातली होती, इस्त्रीचा मोतिया रंगाचा शर्ट चढवला होता. एकेक बटण लावलं, कॉलर सारखी केली, विरळ केसांत कंगवा फिरवला. गुलाबराव हातात पिशवी घेऊन फाटकापाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी घरीच राहा."

"काय?"

"तुमी येऊन नाई राहिले. शेवंता हाय तुमच्यापाशी."

गुलाबरावांना थट्टाच वाटली. "मंग हा शर्ट काहून घातला?"

"तुमी जात होते तवा मी असाच शर्ट काढून देत होतो," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "दर वर्षी रेल्वेचा पास निघे. माह्या नावाचा बी निघे. तुमी पुरी पाहिली, मुंबई पाहिली, दोस्तांसंगं रामेश्वर पाहिलं. तवा माहे गुडघे चांगले होते. शुगर बी नव्हती. मी म्हनलं, मले न्या. तुमी म्हनले, तुले काय समजते समुद्रातलं. एक डबा भरून शिंपले आनून देल्ले. मी या फाटकात उभी राहून पाहत होतो तुमाले जातानी. आज तुमी पाहा."

"आई, असं नको ना करू," दीपमाला खाली उतरली. "त्यायनं आठ महिने… त्यायच्याबिगर गाडी झालीच नसती."

"माहीत हाय मले. खिडकीतून पाहत होतो." अंजनाबाईंनी पहिल्यांदा मुलीकडं नीट पाहिलं. "चाळीस वर्षं भाकरी टाकली ह्यायच्या ताटात. माह्यासंगं एक डाव तरी हासले का, विचार त्यायले."

गुलाबरावांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुले नेवाचं असन तर ने त्यायले. मी घरी राहतो. पन मंग कधीच निघनार नाई, हे ध्यानात ठेव." एवढं बोलून त्या दाराची दांडी धरून गाडीत चढल्या आणि दार लावून घेतलं.

गुलाबरावांनी बायकोकडं पाहिलंच नाही. ते मुलीकडं पाहत होते. "पोट्टे?" एवढंच म्हणाले.

  दीपमालाला भिजलेलं लुगडं आठवलं, बसमधली हसणारी माणसं आठवली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिनं गाडी गिअरमध्ये टाकली. आरशात बाप दिसत होता. पिशवी खाली पडलेली, आणि थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलेला. मागून शेवंताआत्या त्यांना आत चला म्हणत होती.

महासमुंद, सरायपाली, बरगढ. पहिले दोन दिवस दीपमाला नुसती गाडी चालवत राहिली. अंजनाबाई मात्र खुलल्या होत्या. पोटभर पाणी पीत, मनाला येईल तेव्हा उठत, खिडकीशी बसून पाट्या वाचत. तिसऱ्या दिवशी घाटात फोन वाजला. अंजनाबाईंनी कानाला लावला. "हव… हव… कवा?… बरं. पोट्टी घाटात गाडी चालवून राहिली. तिले काई सांगू नको, तिनं फोन केला तरी नाई." शेवटची वाक्यं त्या मागं, संडासातल्या सीटवर बसून बोलल्या. दीपमालाला फक्त हव-हव ऐकू आलं.

"काय म्हने आत्या?"

"काई नाई. जेवले म्हने. झोपले."

गोपालपूरला चार दिवस राहिल्या. अंजनाबाईंनी पहिल्या दिवशी पाण्यात घोट्याइतके पाय घातले, लाट आली तशा मागं सरल्या, आणि मग घडीच्या खुर्चीत दुपारपर्यंत हलल्या नाहीत. दीपमालानं घरी दोनदा फोन केला. आत्या म्हणाली, बरे हाय, डोळा लागला हाय त्यायचा. आईनं मासे खाल्ले, रात्री घोरत झोपल्या. त्या इतक्या सुखी दीपमालाला कधी दिसल्या नव्हत्या, आणि ते पाहताना तिला बरं वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी परतल्या तेव्हा घराला कुलूप होतं. इंदूबाई धावत आल्या. "अवो, तुमाले कोनी सांगतलं नाई? सहा दिवस झाले की, गुलाबरावभाऊ दवाखान्यात!"

शेवंतानं हात धरू नये म्हणून ते तिसऱ्या दिवशी सकाळी एकटेच न्हाणीघरात गेले होते. तिथं घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं. सही शेवंतानं केली.

दवाखान्याच्या जिन्यात दीपमालानं आईला थांबवलं. "तुले माहीत होतं?"

"हव."

"अन् मले नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू गाडी वळवली असती."

"वळवलीच असती ना!"

"म्हनूनच," अंजनाबाई म्हणाल्या, आणि कठडा धरून वर चढू लागल्या.

गुलाबराव पुन्हा चालले नाहीत. अंजनाबाईंनी त्यांचं केलं ते कुणी बोट ठेवू नये असं केलं. वेळेवर गोळ्या, मऊ भात, दर दोन तासांनी कूस बदलणं. पाऱ्यात त्यांचं नाव झालं. भरवताना त्या समुद्राचं सांगत. लाटा कशा आल्या, मासे कसे होते, पाणी कुठवर दिसत होतं. रोज, त्याच क्रमानं. गुलाबराव डोळे मिटून घास गिळत. पण बायकोशी बोलत. पाणी दे म्हणत, आज थंडी हाय म्हणत. शेवंता भेटायला आली की तिच्याशीही दोन शब्द बोलत.

दीपमालाशी बोलत नसत.

तिला आधी वाटलं, दुखण्यामुळं असेल. मग एका रविवारी आई बाजारात गेलेली असताना ती खाटेपाशी बसली. "बाबा, मले माफ करा. आईनं तसं म्हनलं म्हनून…"

त्यांनी डोळे उघडले. "तुह्या मायचं मले समजते," ते म्हणाले. शब्द जड झाले होते, पण स्पष्ट होते. "मी केलं, तिनं फेडलं. पन तुह्यासंगं मी काय केलतं, त्या आठ महिन्यांत? गाडी तू चालवली."

"पहिले तर तुमीच मले…" ती बोलायला गेली आणि थांबली. ग्राइंडरच्या आवाजातलं रडणं सांगून आता काय होणार होतं?

त्यांनी मान भिंतीकडं वळवली. ते तिच्याशी बोललेलं शेवटचं.

आता एक दिवसाआड दीपमाला त्यांची दाढी करते, कारण अंजनाबाईंना चष्म्यातूनही नीट दिसत नाही. ती कोमट पाणी आणते, साबण लावते, वस्तरा हलकेच फिरवते. एक गाल झाला की गुलाबराव न सांगता दुसरा गाल पुढं करतात. डोळे छताकडं असतात. तिचा हात कधी चुकला, रक्ताचा थेंब आला, तरी तोंडातून शब्द निघत नाही. ती कापूस दाबून धरते आणि थांबते. कसा धरला ते पाह, वाकडं झालं, फेक आता, असं काहीतरी ते म्हणतील म्हणून थांबते. मग टॉवेलनं त्यांचं तोंड पुसते आणि पाणी फेकायला मोरीकडं जाते.