उन्हाकडे धरलेला गणिताचा पेपर

मित्रांनो, माझं नाव काढलं की भल्याभल्यांची झोप उडते. मी एक जुनी प्रश्नपत्रिका आहे, १९४४ सालच्या मॅट्रिकच्या गणिताची. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजचा उंबरठा ओलांडता येत नसे, तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

लढाईच्या दिवसांत कागदाची टंचाई होती, म्हणून मला अगदी पातळ कागद मिळाला. माझ्यासारख्याच हजारो बहिणी छापखान्यातून निघाल्या, लाखेच्या मोहरेखाली बंद झाल्या आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, बेळगावपासून अहमदाबादपर्यंत, एकाच घटकेला उघडल्या. एवढी मुलं, आणि सगळ्यांना तेच प्रश्न! आठवलं की आजही मी थक्क होते.

पुण्याच्या केंद्रात मी साजगावच्या लडकूच्या हाती पडले. माझी गणितं त्याला सुटली नाहीत, आणि निकालात तो गणितात आपटला. त्याचे वडील कोंडाजी शेतकरी, अक्षरशत्रू. ते रागावले नाहीत. शहरातल्या मुलांना सोपा पेपर देतात आणि खेड्यातल्यांना अवघड, अशी त्यांची पक्की समजूत होती. लडकूनेही ती खोडून काढली नाही, कारण ती त्याच्या सोयीची होती. पुन्हा परीक्षा नको, खोपोलीच्या कारखान्यात चिकटायचं, असं घरात ठरलं. मी फळीवर गेले आणि माझ्यावर मिठाचं मडकं आलं.

लडकू कामावर जाणार त्याच्या आदल्या दिवशी त्याचा मित्र, चौक गावच्या दुकानदाराचा मुलगा हारून आला. तो त्याच वर्षी मुंबईत परीक्षेला बसून मॅट्रिक झाला होता. लडकूने पुन्हा बसावं, गणितं मी शिकवतो, असं सांगत त्याने आपला पेपर पुढे केला. पेपर सगळीकडे एकच असतो, हे त्याचं बोलणं कोंडाजींना काही पटेना.

मग त्यांनी मला फळीवरून काढलं, त्या मुंबईच्या बहिणीवर नीट ठेवलं आणि दारात उभं राहून आम्हाला उन्हाकडे धरलं. वाचता येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते. अक्षरावर अक्षर बसलं, आकड्यावर आकडा बसला. ते कितीतरी वेळ तसेच पाहत राहिले.

"ह्ये तर येकच हाय," ते हळूच म्हणाले.

लडकूने मान खाली घातली. आता पाठीत धपाटा बसणार, असं मला वाटलं.

"परीक्षावाल्यांनी तुला मुंबईवाल्यांच्या बरोबरीचा मानला रं," कोंडाजी म्हणाले. "आता तू बी मान."

लडकू कारखान्यात गेला नाही. हारून दर रविवारी येई, आणि दोघांनी मला इतक्यांदा सोडवलं की माझ्या घड्या फाटल्या. पुढच्या वर्षी पेपर निराळा होता, पण लडकू पास झाला.

मित्रांनो, परीक्षा संपली की मला चुरगाळून फेकू नका. जे सुटलं नाही, ते माझ्याकडे पाहून पुन्हा सोडवा. चुकलेलं गणित कधीतरी बरोबर येतंच. पण आपणच कमी आहोत असं तुम्ही मनात धरलंत, तर माझ्यासारखीला काहीच करता येत नाही.