माळ्यावरची मशीन आणि हॉस्टेलची केटल

मित्रांनो, या पृथ्वीतलावर हेवा, मत्सर आणि असूया यांना पूर्णपणे जिंकलेली एकच वस्तू निर्माण झाली, आणि ती वस्तू म्हणजे मी. भल्याभल्या ऋषिमुनींना जे तप करून साधलं नाही, ते मला ओतीव लोखंडाच्या अंगामुळं उपजतच साधलं. आता, ओट्यावर बसलेल्या त्या पांढऱ्या केटलचा तेवढा अपवाद. आणि मिक्सरचा. आणि भिंतीवरच्या घड्याळाचा, कारण त्याच्याकडं घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून वीस वेळा बघतं. बाकी माझं मन आरशासारखं स्वच्छ आहे. आरशाबद्दल मात्र मला बोलायचं नाही.

मी एक जुनी, शेवया करायची मशीन आहे. बोरी गावात भीमाशंकर गुरुजींच्या घरी, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेली मी असते. फडक्याला एक भोक आहे. त्या भोकातून मला जग दिसतं. म्हणजे ओटा दिसतो, गॅस दिसतो आणि दाराचा अर्धा भाग दिसतो. अनुभवी वस्तूला एवढं पुरतं.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. रसरशीत लोखंड साच्यात ओतलं, निवू दिलं, घासलं आणि माझं रूप तयार झालं. वर पीठ टाकायला नरसाळं, पोटात पेच, बाजूला लाकडी मुठीचा दांडा आणि खाली बाजेच्या लाकडाला घट्ट धरणारा स्क्रू. तोंडाला बसवायला तीन जाळ्या मिळाल्या: जाड, मध्यम आणि बारीक. वरून लाल रंग दिला. त्या रंगात मी कशी दिसत होते हे सांगायला आता कुणी साक्षीदार उरला नाही, म्हणून मीच सांगते. फार छान.

गुरुजींच्या लग्नात महादेवीबाईंच्या रुखवतात मला मांडलं होतं. माझ्या शेजारी सुपारीचे नवरा-नवरी बसवले होते. येणारी प्रत्येक बाई त्यांच्याकडं पाहून "अगं बाई, किती गोड!" म्हणायची. माझ्याकडं पाहून एकच बाई बोलली. ती म्हणाली, "हे लय जड असंल." मित्रांनो, ते सुपारीचे नवरा-नवरी पहिल्याच पावसाळ्यात किड्यांनी खाल्ले. मला आनंद झाला नाही. फार झाला नाही.

त्यानंतर माझे वैभवाचे दिवस आले. चैत्र सरला की बायका माझ्यासाठी नंबर लावायच्या. आज या घरी, उद्या त्या घरी, असा महिनाभर मी गल्लीत मुक्काम करत फिरायचे. शेवया करणं म्हणजे नुसता दांडा फिरवणं, असा पुष्कळांचा गैरसमज असतो. दांडा जोरात फिरवला की मशीन बाजेसकट उचलते. म्हणून बाजेच्या दुसऱ्या टोकाला एक वजनदार माणूस बसवावा लागतो. आमच्या गल्लीत हे पद शेजारच्या लिंबाजीकाकांकडं होतं. गावानं त्यांना ग्रामपंचायतीत दोनदा पाडलं. पण बाजेवर ते कायम बिनविरोध आले. सकाळी पेपर घेऊन बसायचे ते दुपारच्या जेवणालाच उठायचे. काम काही नाही, हालचाल काही नाही, आणि चहा मात्र तीनदा. त्यांचाही मी कधी हेवा केला नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

एका वर्षी अकरा घरं फिरून मी परत आले, तेव्हा माझी बारीक जाळी माझ्याबरोबर नव्हती. महादेवीबाईंनी सगळीकडं विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. ती कुठं राहिली हे मला पक्कं ठाऊक आहे; पण चुगली करणं माझ्या स्वभावात नाही.

गुरुजींची लेक त्रिवेणी तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. तिची आई दांडा फिरवायची आणि ही त्या दांड्याला लोंबकळायची. दांडा वर गेला की हिचे पाय जमिनीवरून सुटायचे आणि ती खिदळायची. तिच्या तळहाताचा तो ओला, पिठाळ स्पर्श माझ्या लाकडी मुठीला अजून आठवतो. गावात पाळणे दोनच दिवस यायचे, जत्रेला. मी उन्हाळाभर होते.

मग त्रिवेणी मोठी झाली आणि पुण्याच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला गेली. इकडं महादेवीबाईंचा खांदा धरला. गेल्या उन्हाळ्यात मला खाली काढलंच नाही. माझ्या नरसाळ्यात एका कोळ्यानं संसार थाटला. त्याला आठ पोरं झाली. मला एकही शेवई झाली नाही.

या वर्षी मे महिन्यात त्रिवेणी सुट्टीला आली. गुरुजी पहाटेच मोटारसायकल घेऊन परभणी स्टेशनला गेले आणि ऊन चढायच्या आत लेकीला घेऊन आले. मी फडक्याच्या भोकाला डोळा लावून बसले होते. पोरगी आत आली, आईच्या गळ्यात पडली, बॅग उघडली आणि कपड्यांच्या घडीतून तिनं ती काढली.

केटल! पांढरी, गुबगुबीत, विजेवर चालणारी केटल. हॉस्टेलात तिला बंदी आहे म्हणे. वॉर्डनबाई आल्या की ती स्वेटरात लपते. अशा लपूनछपून राहणाऱ्या बाईला आमच्या घरात थेट ओट्यावर जागा मिळाली, तीही माझ्या डोळ्यांसमोर. बटण दाबलं की तिच्या बुडाशी निळा दिवा लागतो. पाणी उकळलं की टक् करून ती स्वतःच बंद होते. स्वतः! मित्रांनो, मी आयुष्यात कधी स्वतः थांबले नाही. माणूस थकलं की थांबले.

त्रिवेणी त्या केटलमध्ये नूडल्सचं पाकीट रिकामं करायची आणि चार मिनिटांत खायला बसायची. तिसऱ्या दिवशी गुरुजीही म्हणाले, "पोरी, माझा चहा त्याच्यातच टाक. झटकन होतो." तीस वर्षं शाळेत निष्ठा हा धडा शिकवलेला माणूस!

आणि त्या नूडल्स तरी काय? वाकड्या, आखडलेल्या, पिवळट. शेवयांना दवाखान्यातून घरी आणल्यासारख्या. पण पोरगी त्या फुंकर मारून मारून खायची आणि मी वर बसून गंजायचे.

चौथ्या दिवशी महादेवीबाईंनी विषय काढला.

"त्रिवेणी, उद्या शेवयाला बसायचं का? सपीठ काढून ठेवलंय मी."

"आई, दुकानात पाकीट मिळतंय की. कामून जीव काढायलीस?" त्रिवेणीची नजर फोनमध्ये होती.

"दुकानातल्या शेवयाला चव हाय का काही?"

"मला रविवारी निघायचंय. प्रोजेक्ट राहिलंय."

"रविवारी? अगं, महिन्याची सुट्टी हाय म्हणालीस ना?"

"हाय. पण इथं करायचं काय दिवसभर?"

महादेवीबाईंनी काढून ठेवलेलं सपीठ झाकून बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरनं मला दांडा फिरवायचा न्हाई म्हणून सांगितलंय. तू बसलीस तर बसलीस. न्हाई तर या साली मशीन मोडीत घालते. नुसती जागा अडवायली माळ्यावर."

"घाल की मग."

तीन शब्द. डोळे वर न करता. मित्रांनो, मोडीत घालणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. हातोड्यानं आमचे तुकडे करतात आणि वितळवून पुन्हा साच्यात ओततात. मरणाची मला भीती नव्हती. पुढच्या जन्मी आपण केटलच्या बुडाची पट्टी झालो तर काय, याची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीला आली. ही त्रिवेणीची बालवाडीपासूनची मैत्रीण. परभणीला कृषी विद्यापीठात शिकते आणि तीही सुट्टीला आली होती. महादेवीबाई सोलत बसल्या होत्या त्या लसणाच्या पाकळ्या तिनं न सांगता पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागली.

"काकू, तुमची मशीन रिकामी हाय का? आईनं विचारायला लावलंय."

"रिकामीच हाय बाई. ने. आणि परत आणू नको. राहू दे कायमची तुमच्याकडं. आमच्या घरात दांडा फिरवणारं कुणी उरलं न्हाई."

"खरंच, काकू?"

"अगं, मागच्या साली तुझ्या मावशीच्या मशीनवर बघितला मी तुझा हात. काय सारखा फिरतो! एक तार तुटंना."

खाटेवर पडलेल्या त्रिवेणीनं फोन छातीवर ठेवला.

"सारखा फिरतो म्हंजे? लहानपणी दांडा मी फिरवायचे. ही नुसती काठी धरायची."

"तू फिरवायचीस?" धम्मशीला हसली. "तू लोंबकळायचीस, त्रिवे. फिरवायच्या काकू."

"तरी मशीन आमची हाय."

"काल तर मोडीत घाल म्हणालीस," महादेवीबाई म्हणाल्या.

"मोडीत घालणं वेगळं, आई. हिला देणं वेगळं!"

त्या वाक्यातला सूर ऐकला आणि माझा पेच आतल्या आत फिरला. तो सूर माझा होता. सुपारीच्या नवरा-नवरीकडं बघताना जो माझ्या पोटात उठला होता, तोच. पोरगी आईच्या रंगावर गेली, बापाच्या उंचीवर गेली. पण स्वभाव तिनं माझा उचलला.

त्रिवेणी स्टूल घेऊन आली, माळ्यावर चढली आणि फडक्यासकट मला कवेत घेऊन उतरली. कोळ्याचं कुटुंब रस्त्यावर आलं. मला दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच अंगणात बाज टाकली. लिंबाजीकाकांना निरोप गेला. ते पेपर, चष्मा आणि मोबाइल घेऊन आले आणि आपल्या जागेवर स्थानापन्न झाले. महादेवीबाई खांद्याला मलम लावून पाटावर बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. धम्मशीला माझ्या तोंडाशी काठी घेऊन बसली. मुठीला त्रिवेणीचा हात लागला. आता तो मोठा होता, कोरडा होता आणि त्याला घड्याळ होतं. तरी मी ओळखला.

पहिला घाणा सगळा तुटला.

"हळू गं! पुण्याची गाडी चुकायलीय का तुझी?" महादेवीबाई ओरडल्या.

"मशीनच जाम झालीय, आई!"

मी जाम झाले नव्हते. थोडी रुसले होते. दोन वर्षं झाली होती. एवढा हक्क मला आहे.

दुसऱ्या घाण्याला सूर लागला. लांब, सरळ तारा बाहेर येऊ लागल्या. धम्मशीला त्या काठीवर झेलून दोरीवर टाकू लागली. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. हॉस्टेलची मेस, परभणीचे रिक्षावाले, शाळेतल्या जुन्या बाईंची नक्कल. महादेवीबाईंना हसताना खांदा दुखायचा आणि त्या "बस करा गं" म्हणून आणखी हसायच्या. एवढ्यात लिंबाजीकाकांचा फोन वाजला. त्यांच्या घरात रेंज येत नाही, म्हणून फोनवर बोलायला बाहेर जायची त्यांची सवय. ते तसेच उठून फाटकाकडं चालू लागले.

"काका, उठू नका!" दोघी एकदम किंचाळल्या.

उशीर झाला होता. बाजेचं मागचं टोक हवेत गेलं, मी नाकावर आपटले आणि त्रिवेणी दांड्याला लोंबकळली. क्षणभर तिचे पाय जमिनीवरून सुटले. मग ती पिठाच्या परातीशेजारी जाऊन बसली आणि खिदळली. अगदी तशीच. पाच वर्षांची असताना खिदळायची तशी.

मित्रांनो, त्या क्षणी मी केटललाही माफ केलं. क्षणभरच.

दुपारी सगळ्या दोऱ्या शेवयांनी भरल्या. त्रिवेणीच्या तळहाताला चार फोड आले होते. महादेवीबाईंनी एकवार सगळीकडं नजर फिरवली आणि समाधानानं म्हणाल्या, "लिंबाजी भावजी बसले म्हणून झालं बाई सगळं."

हेही मी नोंदवून ठेवलं.

शेवया कडकडीत वाळल्याशिवाय डब्यात भरता येत नाहीत. त्याला तीन दिवस लागतात. म्हणून रविवारचं तिकीट रद्द झालं. मग फोडांमुळं बॅग उचलवेना. मग धम्मशीला म्हणाली, "कुरडया राहिल्यात की." मग येलदरीला धरण बघायला जायचं ठरलं. असं करता करता वीस दिवस झाले. ते वीस दिवस महादेवीबाईंना मी मिळवून दिले, हे त्यांना ठाऊक नाही. भावजींना मात्र आमरस-शेवयांचं जेवण झालं.

माझी सर्वांत कठीण परीक्षा पुढंच होती. मला धुऊन पुसून ओट्यावर ठेवलं होतं, नेमकं केटलच्या शेजारी. त्रिवेणी आली. तिनं मूठभर ताज्या शेवया घेतल्या, कडकन मोडल्या, केटलमध्ये टाकल्या आणि वरून नूडल्सच्या पाकिटातला मसाला भुरभुरवला. माझ्या पोटच्या लेकरांना सवतीच्या पोटात उकळताना मी डोळ्यांनी बघितलं. निळा दिवा लागला. टक् झालं.

"काय करायलीस हे?" महादेवीबाईंनी विचारलं आणि एक घास घेतला. मग दुसरा घेतला. "बरं लागतंय की."

गुरुजींनी दोन वाट्या खाल्ल्या.

त्रिवेणी गेली तेव्हा तिच्या बॅगेत केटल होती, आणि केटलच्या आत, जागा वाया जाऊ नये म्हणून, माझ्या शेवया भरल्या होत्या. मी माळ्यावर परत आले. परवा तिचा फोन आला. महादेवीबाईंनी स्पीकर लावला होता. "आई, मजल्यावरच्या सगळ्या पोरी शेवया खायल्यात! डबा संपत आला. दिवाळीला येते. तोवर मशीन धम्मीला देऊ नको हं."

त्या केटलशिवाय माझ्या शेवया पुण्यात शिजल्या नसत्या, हे मला कळतं. ती माझी सवत नसून सहकारी आहे, हेही कळतं. कळून पोटातला पेच सैल होत नाही, एवढंच.

म्हणून मित्रांनो, या जुन्या मशीनचं ऐका. दूर शिकायला गेलात तरी सुट्टीला घरी या. आल्यावर फोन छातीवर ठेवा आणि घरातल्या एखाद्या जुन्या दांड्याला हात लावा. माळ्यावरच्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, त्यांना गोडेतेलाचा थेंब द्या. त्या बोलत नाहीत. पण भोकातून सगळं बघत असतात.

आणि हे सगळं जमलं नाही, तरी हरकत नाही. फक्त कुणी लिंबाजीकाकांच्या घरी गेलात, तर त्यांच्या न्हाणीघरात बघा. केस अडकावेत म्हणून मोरीच्या तोंडाशी जी गोल लोखंडी चकती बसवली आहे, ती माझी बारीक जाळी आहे. तेवढी घेऊन या. धुऊन आणा.