खुर्चीचे पट्टे

माझी पाठ जन्मापासूनच कच्ची. आधार नसला की मी एका अंगाला कलंडते. म्हणून चिंधूमामा सुताराने मला अंगणात ओल्या वाळूच्या ढिगावर बसवलं, वाळूत उमटलेला खळगा सुतळीने मोजला आणि त्या मापाची सागवानी खुर्ची केली. छातीला एक पट्टा, कमरेला एक. तिच्यात मी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे सोडून बसले.

अठ्ठ्याण्णव साली अपंगांच्या कोट्यातून सेलूच्या बाजारात मला टेलिफोन बूथ मिळाला. माझा धाकटा भाऊ आदेश रोज आमच्या हिंगणी गावाहून टेम्पोने तिथे वांगी न्यायचा. त्याने खुर्ची टेम्पोत बोल्टने आवळली. सेलूत हमालाच्या मदतीने मला खुर्चीसकट बूथमध्ये ठेवायचा. चार महिने मी लोकांचे नंबर लावून दिले. कोणी ‘शालूताई’ म्हटलं की मी मनातून फुगायची, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस आदेश म्हणाला, "बोल्ट तुटला. खुर्ची चिंधूमामाकडे दुरुस्तीले टाकली. तू आराम कर."

सख्खा भाऊ तो. विश्वास ठेवला आणि दोन महिने खाटेवर पडून राहिले. शेवटी चिंधूमामाच घरी डोकावले.

"कशी चालून राह्यली खुर्ची?"

"तुमच्याकडेच तं हाय ना, मामा?"

"माह्याकडे काऊन राहीन?"

दुसऱ्या दिवशी शेजारचे दौलतकाका बैलबंडीने सेलूला निघाले, तेव्हा मी हट्टच धरला. त्यांनी कडब्यावर गोणपाट टाकून मला बसवलं आणि पडू नये म्हणून बैलाच्या दाव्याने बंडीला बांधलं. सेलूपर्यंत ते दावं बरगड्यांत रुतत होतं.

बूथमध्ये माझ्या खुर्चीवर आदेश रेलून बसला होता. फोनला आलेल्या अनुसयाबाई मला पाहून हळहळल्या.

"शालूताई, काऊन आल्या वं एवढ्या दूर? भाऊ सांगत होता, तुमाले आता बसवत नाई म्हणून."

राग तर आलाच. त्याहून जास्त लाज वाटली, त्याची. तो उठलासुद्धा नाही. खुर्चीला पट्टेच नव्हते, लाकडात नुसती भोकं उरली होती.

"पट्टे कुठी गेले?" मी बंडीतूनच विचारलं.

"टेम्पोत हायेत," तो खाली पाहत म्हणाला. "खड्ड्यानं वांग्याचे टोपले पडते, म्हणून त्याईले बांधले."