बीबर्स जिंकत होते

आमचा बीबर्स नावाचा बेसबॉलचा संघ कायम हरतो. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन शहराच्या बाहेर, घरापासून सायकलीने वीस मिनिटांवर त्यांचं मैदान आहे. माझी मुलगी मुक्ता लहानपणी तिथे खेळायची. तिने खेळ सोडला, पण माझी बायको सुनेत्रा आणि मी रविवारी जात राहिलो. मला नियम अजून पुरते कळत नाहीत. सुनेत्राला कळायचे. शिवाय तिचे स्वतःचे नियम होते. माहेरी क्रिकेट बघताना जे पाळायचे, तेच तिने इथे आणले. संघ चांगला खेळत असेल तर जागेवरून हलायचं नाही. आणि ज्याच्या बसण्याने आपला गडी बाद होतो, त्याला उठवायचं. तो बहुतेक मीच असायचो.

"अहो, उठा बघू. तुम्ही टेकलात की हे माती खातात. जा, सॉसेजच्या टपरीमागे उभे राहा."

मी जायचो. तरी ते हरायचेच.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिने मला असंच उठवलं. मी टपरीमागे गेलो आणि बीबर्स जिंकले. चार वर्षांत पहिल्यांदा. लोक ओरडत होते, बाक बडवत होते. मी हसत परत आलो, तर सुनेत्रा मान खाली घालून बसली होती. शेजारची बाई म्हणाली, मला वाटलं त्या आनंदाने रडतायत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तुम्ही शेजारी असतात तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना तसं म्हणावंच लागत असेल.

त्यानंतर बीबर्स पुन्हा हरू लागले आणि मला बरं वाटू लागलं. दर रविवारी जायचं, त्याच बाकावर बसायचं, ते हरले की घरी यायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

परवाच्या रविवारी मुक्ता बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. मी सकाळपासून तिच्या खोलीत बसून मशीनवरचे आकडे बघत होतो. शेवटी ती वैतागली.

"बाबा, तुमचा चेहरा बघून माझं बीपी वाढतंय. मॅचला जा ना! अजून खूप वेळ आहे. हो की नाही, हृषिकेश?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," जावई म्हणाला. दोघांनी मिळून मला हाकललं.

मैदानावर पद्माकर होता. माझ्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, मॅचपेक्षा बिअरसाठी येणारा. पहिल्याच डावात बीबर्सनी चार धावा केल्या. मी बाक दोन्ही हातांनी धरून बसलो. मी बसलो की ते हरतात. आज त्यांनी हरायलाच हवं होतं.

शेवटच्या डावात बीबर्स चार-तीनने पुढे होते. समोरच्यांचे तीन गडी बाद झाले की संपलं. पहिला बाद झाला, तेवढ्यात हृषिकेशचा मेसेज आला. 'बाबा, लगेच फोन करा.'

बाकांवरच्या पत्र्याच्या छपराखाली मेसेज कसाबसा येतो, पण फोन लागत नाही. बोलायचं तर सगळे टपरीमागे जातात. मी बसल्या जागी दोनदा लावून पाहिला. कट झाला.

"अरे, तिकडे जाऊन बोल," पद्माकर म्हणाला.

"उठता येत नाही."

"का? पाय आखडला?"

दुसरा गडी बाद झाला. मी त्याला सगळं सांगितलं. सुनेत्राने उठवलं ते, टपरी, मुक्ता. तो आता हसेल असं वाटलं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"श्रीधर, तू पहिल्या डावापासून इथे बसलायस. आणि हे पहिल्या डावापासून पुढे आहेत. मग तुझ्या बसण्याने काय झालं रे? ऊठ."

मी उठलो. टपरीमागे, त्याच जागी उभा राहिलो. फोन लागला.

"बाबा, बाळाचे ठोके कमी झाले. तिला ऑपरेशनला नेलंय. आत जाण्याआधी तुमच्याशी बोलायचं म्हणत होती. दहा मिनिटं थांबवून ठेवलं होतं मी, पण..."

पुढचं ऐकू आलं नाही. मागे लोक ओरडायला लागले. बाकं बडवायला लागले. मी वळून पाहिलं नाही. सायकल काढली आणि निघालो. वाटेत कुठला सिग्नल लाल होता, कुठला हिरवा, मला माहीत नाही. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मजल्याचं बटण दाबायचं राहून गेलं आणि मी तसाच उभा राहिलो.

मुक्ता जिवंत होती. ओठ पांढरे पडले होते. हृषिकेशच्या हातात मुलगी होती.

"कुठे होतात?" मुक्ताने विचारलं.

"बाकावर बसलो होतो."

"कोण जिंकलं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "बीबर्स," मी म्हणालो.

ती हसली आणि टाके दुखले म्हणून थांबली. "म्हणजे तुम्ही उठलात! आई असती तर म्हणाली असती, बघा, मी सांगत होते."

मी खुर्ची तिच्या पलंगाला लावून बसलो. साडेसात वाजता नर्सने भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं. हृषिकेशने माझी पिशवी उचलून दिली.

"बाबा, उठा आता," मुक्ता म्हणाली. "घरी जाऊन जेवा."

मी हो म्हणालो. नर्स दार धरून उभी होती. मुक्ताचा श्वास खाली-वर होत होता. मी आणखी दहा श्वास मोजले आणि मग उठलो.