बरणीतली ओडेट

त्या शनिवारी ग्रेंज हॉलच्या, म्हणजे गावच्या शेतकरी सभागृहाच्या, तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी घरी बीअर करणाऱ्यांच्या सभेला मोजकी डोकी यायची आणि भांडणं व्हायची ती बीअर आंबवणाऱ्या यीस्टवरून. कुठलं यीस्ट तळाशी बसतं, कुठलं तरंगत राहून बीअर गढूळ ठेवतं, कुठल्याने पीचचा वास येतो. हिवाळ्यापूर्वीची बीअर कुठल्या यीस्टवर लावायची, यावरून अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या कोपऱ्यात सख्खे शेजारी महिनाभर अबोला धरत.

आज कुणी भांडत नव्हतं. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या मोठ्या काचेच्या बरणीवर होते. आत पिवळसर गढूळ बीअर, वर बुचात वाकडी नळी, नळीत थोडं पाणी. त्या पाण्यातून बुडबुडा आला. मग थांबून दुसरा.

"आली," एक बाई कुजबुजली.

"आली नाही, बोलतेय," डॅरियस लव्हेल म्हणाला. तो उन्हाळ्यात गावात आला होता. उंच, मऊ आवाजाचा, नेहमी स्वच्छ शर्ट घातलेला. "लोक म्हणतात, मी यीस्ट निवडतो. तुम्ही कोण निवडणार? यीस्ट तुम्हाला निवडतं. दुकानातली पाकिटं मुकी असतात. माझं यीस्ट ऐकतं. ज्याने बीअर लावली त्याचा हात ते विसरत नाही. हात मातीत गेला तरी."

बरणी ल्युसियन पेल्कीची होती, आणि बीअर लावली होती त्याच्या बायकोने, ओडेटने. ऑगस्टमध्ये लावली आणि ऑगस्टमध्येच ती गेली. यीस्टने आपलं काम संपवलं, बीअर निवळली. शेवटी वासासाठी हॉप्स म्हणजे एका वेलीची सुकी फुलं घालायची, ती ल्युसियनच्याने घालवेनात. बरणी तशीच तळघरात राहिली. ऑक्टोबरात लव्हेल घरी आला, त्याने आपल्या यीस्टचा चमचा तीत सोडला आणि म्हणाला, "आता तिचे हॉप्स तुझ्या हाताने घाल. बरणी चुलीपाशी ऊबेला ठेव. रोज तिला हाक मार. तिला यायचं तेव्हा ती येईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलेली बरणी बोलायला लागली. ल्युसियन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला आणि रात्रीचं जेवण विसरला.

"रविवारी बाटल्यांत भर," लव्हेलने आता सगळ्यांदेखत सांगितलं. "ती बोलतेय तोवरच भरायचं. बाटल्या पलंगाशेजारी लाव. मग घरात एकटं वाटणार नाही."

ल्युसियनने मान हलवली. मागे भिंतीला टेकून मर्ल स्टॉडर्ड उभा होता. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. त्यानेही आपल्या मेलेल्या भावाची, एव्हरेटची, बीअर अशीच बोलकी असताना बाटल्यांत भरली होती. एक बाटली हातात फुटली. लव्हेलने कारण सांगितलं होतं: भाऊ रागावलाय. तेव्हापासून मर्ल कुणाशी धड बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनी स्टॅनर्ड ल्युसियनच्या दारात उभी. अर्ध्या गावाला तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. मर्लसकट सगळे तिला अजून 'बाई' म्हणत. ल्युसियन तिच्या वयाचा, म्हणून तो विनी म्हणायचा, आणि ती त्याला लू.

"लू, बाटल्या भरू नकोस."

"तू ह्यात पडू नकोस, विनी."

"मर्लचा हात पाहिलास ना?"

"त्याचा भाऊ चिडला होता. ओडेट माझ्यावर कशाला चिडेल?"

बोलून गेला आणि मग त्याच्या मनात आलं: चिडली असली तर? विनी त्याच्याकडे बघत होती. तिने ते ताडलं.

"एक आठवडा दे मला," ती म्हणाली. "ती असेल तर आठवड्याने कुठे जाणार नाही. माझी बीअर तयार आहे. यीस्ट थांबलंय, हॉप्स घातलेले नाहीत. दोन लहान बरण्या भरू."

"तुझं यीस्ट पाकिटातलं. त्याला ऐकू येत नाही."

"मग दोन्हींत लव्हेलचं घाल. उरलंय ना तुझ्याकडे? एकीत हॉप्स घालू, पण तिच्यावर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. दुसरीत हॉप्स नाहीत. तिच्याशी तू बोल. पोटभर बोल."

"हॉप्सचा काय संबंध? हॉप्स म्हणजे नुसता वास."

"असं आपण सगळेच समजतो," विनी म्हणाली.

दोन्ही बरण्या चुलीशेजारी ठेवल्या. विनी रोज येऊन बघून जायची. पावसाने भिजलेले आपले लोकरीचे मोजे तिने हॉप्सच्या बरणीमागच्या दांडीवर वाळत घातले, म्हणजे कुणी त्या बरणीशी भक्तिभावाने वागायला नको. ल्युसियन दुसरीसमोर बसायचा. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटली. मग तो बोलू लागला, त्यांच्या घरच्या फ्रेंचमध्ये, जी आता घरात कुणाशी बोलायची राहिली नव्हती. छत गळतंय म्हणाला. सफरचंदं यंदा बरी आलीत म्हणाला. "ओडेट, मी आहे. ऐकतेस का?"

नळीतलं पाणी हललं नाही.

मोज्यांशेजारची बरणी मात्र भरभर बुडबुडे सोडत होती.

विनी आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने खुर्ची ओढली.

"सांग," तो म्हणाला. "कसं होतं ते सांग."

"भाकरीचा तुकडा तोंडात बराच वेळ चघळला की गोड लागतो. लाळ पिठाची साखर करते. हॉप्समध्येही तसलंच काहीतरी असतं, लाळेसारखं. बीअरमध्ये जी जाड साखर उरते ती यीस्टला खाता येत नाही, म्हणून ते थांबतं. मरत नाही, उपाशी पडून राहतं. हॉप्स त्या साखरेचे तुकडे करतात. ऊब असली की यीस्ट पुन्हा जेवायला बसतं आणि गॅस सोडतं. बरणीला नळी आहे, तिथून तो जातो. बाटलीला बूच ठोकलं तर कुठून जाणार?"

ल्युसियनने मोज्यांशेजारची बरणी आपल्याकडे वळवली.

"म्हणजे ती नव्हती."

"नव्हती, लू."

"मला वाटलं होतं," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी त्याने स्वतः दोन्ही बरण्या हॉलमध्ये नेल्या आणि टेबलावर ठेवल्या. एक बोलत होती, एक गप्प.

"दोन्हींत तुमचंच यीस्ट आहे," तो लव्हेलला म्हणाला. "ह्या गप्प बरणीत मी आठवडाभर बायकोला हाका मारल्या. आता तुम्ही मारा."

लव्हेल हसला. "शंका घेऊन मारलेली हाक पोहोचत नाही, बंधू. ती दुसऱ्या बरणीत गेली असेल. आत्म्याला कसली अडचण?"

"तिच्यावर कुणी नाव घेतलं नाही. तिच्या डोक्यावर विनीचे मोजे वाळत होते."

हॉलभर हशा पिकला. लव्हेलने हात वर केले. "मृतांची थट्टा करू नका. मी कित्येक घरी-"

"कित्येक घरी हॉप्स कुणी घातले?" विनीने विचारलं. "तुम्हीच घालायला लावलेत ना, ज्याचं माणूस गेलं त्याच्या हाताने? हॉप्स न घालता बोललेली एक तरी बरणी दाखवा. मी आजच तुमचं यीस्ट घरी नेते."

लव्हेलने बरण्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. म्हणाला, "श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "आम्ही सगळेच शेवटी हॉप्स घालतो," तो हळू म्हणाला. "जन्मभर घालतोय. म्हणून ते कुणाच्या हिशेबातच आले नाहीत."

लव्हेल कधी निघून गेला ते पुष्कळांनी पाहिलंही नाही, कारण मर्ल पुढे आला होता. पट्टीचा हात दुसऱ्या हाताने धरून तो टेबलापाशी उभा राहिला.

"बाई, मग एव्हरेट माझ्यावर..."

उत्तर ल्युसियनने दिलं. "बाटलीत गॅस होता, मर्ल. कुणी चिडलेलं नव्हतं."

मर्ल खुर्चीत बसला आणि डाव्या हाताने त्याने तोंड झाकलं. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही, आणि ते बरंच झालं.

ल्युसियनचं घर त्यानंतरही तितकंच रिकामं राहिलं. आधी निदान बुडबुडे होते, आता तेही नव्हते. खरं कळल्याने दुःख हलकं होतं असं कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नये. पण गेलेल्या माणसाला बरणीत बसवलं की त्याच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकतो: आज गोड बोलणं, उद्या राग, परवा आणखी काही. मर्लच्या भावाने आयुष्यात त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, आणि एका बुवाने त्याला मेल्यावर भांडखोर केलं.

म्हणून एवढंच सांगणं आहे. आपल्या माणसासाठी रडा, हवं तितकं रडा. त्याच्याशी बोलावंसं वाटलं तर बोला, त्यात लाज नाही. पण उत्तर आलं, तर हात जोडण्याआधी एकदा बघा की आपणच आत काय टाकलं होतं.